सलग ऐकलेला नवा अल्बम सांगा (एकही गाणं न वगळता)

वनाझकर | शनिवार, रात्री ९.४०

मंडळी, वनाझहून मेट्रोनं रामवाडीला कामावर जायला लागून मला दीड वर्ष होईल. घराच्या दारापासून ऑफिसच्या दारापर्यंत पाऊण तास लागतो. सुरुवातीला या वेळात फोनवर जे समोर येईल ते ऐकत होतो. अर्धं गाणं इथलं, अर्धं तिथलं. उतरताना काय ऐकलं ते आठवायचं नाही. मग एक दिवस ठरवलं, एका खेपेला एकच अल्बम ऐकायचा, कलाकारानं लावलेल्या क्रमानं, पहिल्या सुरापासून शेवटच्या सुरापर्यंत. आवडला नाही तरी बंद करायचा नाही. तिसऱ्या-चौथ्या गाण्यापाशी कान बसतो आणि मग सुरुवातीचं जे परकं वाटलं होतं तेही उलगडतं, असा आता अनुभव आहे.

माझ्याकडची यादी संपत आली आहे, म्हणून हा धागा. गेल्या चार-पाच वर्षांत आलेला आणि तुम्ही स्वतः सलग ऐकलेला अल्बम सांगा. शास्त्रीय, रॉक, रॅप, जॅझ, सिनेमा, काहीही चालेल. नुसतं नाव नको, ऐकताना काय झालं तेही लिहा.

पहिला माझा: 'ॲज वुई स्पीक', २०२३. बेला फ्लेक यांचा बॅन्जो, एडगर मेयर यांचा डबल बेस, राकेश चौरसियांची बासरी आणि झाकीरभाईंचा (झाकीर हुसेन) तबला. बॅन्जोचा सूर टिकत नाही, वाजला की लगेच विझतो. बासरीचा सूर श्वास असेपर्यंत राहतो. इतकी वेगळी दोन वाद्यं शेजारी बसवल्यावर एकाचं दुसऱ्याला ओझं व्हायला हवं, पण झाकीरभाई मधली जागा इतक्या हलक्या हातानं राखतात की दोघांनाही मोकळं वाटतं. डेक्कन स्टेशन सोडल्यावर गाडी मुठेच्या कडेकडेनं जाते. त्या पट्ट्यात मेयर यांचा बेस गजावर वाजत होता आणि मी खिडकीबाहेर बघत उभा होतो. बसायला जागा मिळाली होती तरी बसलो नाही.

तिरकिट | शनिवार, रात्री १०.१५

वनाझकर, सुरुवातच मनातली केलीत. मी तबला शिकतो, त्यामुळे या अल्बमचं नाव निघालं की त्याच्या जोडीचा सांगितल्याशिवाय राहवत नाही. 'शक्ती' या बँडचा 'धिस मोमेंट', हाही २०२३ चाच. १९७७ नंतर तब्बल ४६ वर्षांनी त्यांनी केलेला स्टुडिओ अल्बम. जॉन मॅकलॉफ्लिन, झाकीरभाई, शंकर महादेवन, व्हायोलिनवर गणेश राजगोपालन आणि कंजिऱ्यावर सेल्वागणेश. मूळच्या 'शक्ती'त घटम वाजवणाऱ्या विक्कू विनायकराम यांचा हा मुलगा, म्हणजे एकाच चमूत दोन पिढ्या होऊन गेल्या.

यातलं बरंचसं वादन कलाकारांनी आपापल्या गावी बसून ध्वनिमुद्रित केलं आणि मग ते जुळवलं गेलं. हे कळल्यावर मी पुन्हा मुद्दाम तिहायांकडे (एकच बोल तीनदा वाजवून समेवर, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर येणं) कान लावून ऐकला. समोर बसून डोळ्यांनी इशारा करता येत नसताना इतकं नेमकं समेवर यायचं, याचा विचार करून माझा रियाज एक तास वाढला. हे खरंच घडलं.

२०२४ च्या फेब्रुवारीत या दोन्ही अल्बमना ग्रॅमी मिळाली. झाकीरभाईंना त्या एका रात्रीत तीन. आणि त्याच वर्षी १५ डिसेंबरला ते गेले. सवाई गंधर्व महोत्सवाच्या तोंडावर ती बातमी आली. आमच्या क्लासमध्ये त्या संध्याकाळी गुरुजींनी कोणाला काही शिकवलं नाही. सगळ्यांनी मिळून विलंबित तीनतालाचा ठेका धरला आणि बराच वेळ तोच वाजवत राहिलो. त्यानंतर पुढचे काही महिने मला 'धिस मोमेंट' लावता आला नाही. आता लावतो.

कॅसेट_जपणारी | रविवार, सकाळी ७.०५

वनाझकर, तुमच्या पाऊण तासावरून एक गोष्ट लिहावीशी वाटली. माझं वय सदुसष्ट. आमच्या घरी आधी ७८ च्या तबकड्या होत्या, मग एलपी आल्या, मग कॅसेटी. तबकडीच्या एका बाजूला जेमतेम साडेतीन मिनिटं मावायची. तेवढ्यात राग उभा करून संपवायचा, आणि तो कसा उभा करत असत! हिराबाई बडोदेकरांच्या तबकड्या ऐका म्हणजे कळेल. एलपीच्या एका बाजूला वीस-बावीस मिनिटं आली तेव्हा बडा ख्याल आणि त्याला जोडून छोटा ख्याल, असा घाट बसला. दोन्ही बाजू धरून चाळीस-बेचाळीस मिनिटं होतात. जगभरातले गाजलेले अल्बम त्या मापाचे का, याचं उत्तर त्या प्लॅस्टिकच्या खाचेत आहे. तुमचा मेट्रोचा प्रवास नेमका एका एलपीएवढा आहे.

कर्वे रस्त्यावरच्या अलूरकरांकडून मी कितीतरी कॅसेटी घेतल्या. नव्वद मिनिटांच्या कॅसेटची एक बाजू पंचेचाळीस मिनिटांची. बाजू बदलायला उठायचं आणि उठता उठता चहा टाकायचा. गाणं थांबून पुन्हा सुरू होईपर्यंतचा तो वेळही ऐकण्यातच धरायचा असतो, असं मला वाटतं. आधीचं मुरतं तेवढ्यात.

आता नवीन काय, तर माझ्या लेकीनं मला 'लव्ह इन एक्झाइल' ऐकवला. २०२३ चा आहे. अरूज आफताबचं गाणं, विजय अय्यर यांचा पियानो आणि शहजाद इस्माईली यांचा बेस व सिंथेसायझर. मी आधी नाही म्हटलं होतं. नको ते फ्यूजन, असं माझं मत होतं. पण त्यांना कुठेही पोचायची घाई नाही, हे पहिल्या पाच मिनिटांत लक्षात आलं. तिघं मिळून तिथल्या तिथे सुचेल तसं वाजवत जातात. शब्द मोजके, आणि तेच शब्द ती बाई अशी परत परत उच्चारते की अर्थ गळून सूर राहतो. आपल्याकडे आलापीत जे होतं तेच हे. मला रमणबागेतल्या सवाईची पहाट आठवली. अंगावर शाल, समोर कोणीतरी मंद्रात नि लावलेला, आणि सगळा मंडप श्वास धरून.

वनाझकर, हा तासाभराहून मोठा आहे. मेट्रोत मावणार नाही.

अनवट | रविवार, सकाळी ८.३०

कॅसेट_जपणारी ताई, प्रतिसाद वाचून उठून बसलो. तुम्हाला अरूज आफताब रुचली असेल तर तिचा २०२४ चा 'नाइट रेन' ऐकाच. त्यात 'ना गुल' नावाचं गाणं आहे. त्याचे शब्द महलका बाई चंदा यांचे आहेत. हैदराबादच्या दरबारातली ही कवयित्री, १७६८ ते १८२४ हा तिचा काळ. उर्दूत स्वतःचा दीवान (कवितासंग्रह) असलेल्या अगदी पहिल्या स्त्रियांमध्ये तिचं नाव घेतलं जातं. दख्खनच्या मातीतले शब्द, गाणारी न्यूयॉर्कला राहणारी, आणि मी ते ऐकतो आहे नळ स्टॉपला बसची वाट बघत. दोनशे वर्षांपूर्वीच्या बाईच्या ओळी अशा माझ्यापर्यंत आल्या याचं मला फार अप्रूप वाटलं.

हा रात्रीचा अल्बम आहे. सकाळी लावला तर निम्मा हरवतो. दिवे मालवून ऐका.

डबल_बेस | रविवार, सकाळी ११.००

रॉकवाल्यांची हजेरी लावतो. स्टीव्हन विल्सन, 'द ओव्हरव्ह्यू', २०२५. दोनच रचना, मिळून बेचाळीस मिनिटांच्या आसपास. म्हणजे ताईंनी सांगितलेलं एलपीचं माप, बाजूला एक रचना.

विषय असा : अंतराळवीर वरून पृथ्वी पाहतात तेव्हा त्यांच्या मनात जो बदल होतो, त्यावर हा अल्बम आहे. पहिली रचना जवळजवळ तेवीस मिनिटांची. तिच्यात आकाशाएवढं काही सांगता सांगता मधेच घरगुती, रोजच्या आयुष्यातले लहानसहान प्रसंग येतात. आपण किती लहान आहोत आणि तरी आपलं रडणं आपल्यापुरतं किती मोठं आहे, हे दोन्ही एकदम जाणवतं. मी हा अल्बम पहिल्यांदा वेताळ टेकडीवर ऐकला, पहाटे. खाली सगळं कोथरूड दिव्यांनी भरलेलं होतं. दुसरी रचना संपेपर्यंत उजाडलं.

२०१६ च्या डिसेंबरात हा माणूस एनएच७ वीकेंडर या संगीत महोत्सवाला पुण्यात येऊन वाजवून गेला. मी तिथे होतो. कॉलेजचं शेवटचं वर्ष, तिकिटासाठी दोन महिने पैसे साठवले होते. त्या रात्री शेजारी उभ्या असलेल्या एका अनोळखी माणसाला सगळी गाणी तोंडपाठ होती, मलाही. तो आज माझा सगळ्यात जवळचा मित्र आहे.

मुठेकाठची | रविवार, दुपारी १.२०

नाला सिनेफ्रो, 'एंडलेसनेस', २०२४. हार्प, सिंथेसायझर, सॅक्सोफोन, तंतुवाद्यांचा ताफा. दहा तुकडे आहेत पण पाण्यासारखे एकमेकांत मिसळतात. सहा महिन्यांच्या बाळाला मांडीवर घेऊन रात्री ऐकते. ते झोपतं, मी जागी राहते आणि शेवटपर्यंत ऐकते.

बीट_पेटी | रविवार, दुपारी ३.४५

पुण्याचा धागा आणि एमसी स्टॅन नाही? 'तडीपार', २०२०. ताडीवाला रोडचा मुलगा. पुढे २०२३ मध्ये बिग बॉस जिंकल्यावर तो सगळ्यांना माहीत झाला, पण आमच्या भागातल्या पोरांना तो त्याच्या आधीपासून पाठ आहे. त्याची भाषा ऐका. पुस्तकातली हिंदी तिथे नाही आणि शाळेतली मराठीही नाही. स्टेशनच्या मागच्या वस्त्यांमध्ये जी बोलली जाते ती आहे, तिच्या हेलासकट. आमची बोली ध्वनिमुद्रित होऊन जगभर वाजते आहे, हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी तेच गाणं सलग चार वेळा लावलं.

सूचना : शिव्या आहेत. घरातल्यांसमोर लावू नका, हेडफोन घ्या.

शब्दफूल | रविवार, दुपारी ४.३०

बीट_पेटी, तुमच्या बोलीबद्दलचं म्हणणं पटलं. तरी मनातलं सांगते. मी 'तडीपार' ऐकायला घेतला होता, पण बायकांबद्दलच्या काही ओळींपाशी थांबले. तिथून पुढे गेले नाही. वस्तीचं जगणं खरं आहे म्हणून त्यातला प्रत्येक शब्द मला मान्य व्हावा, असं होत नाही.

बीट_पेटी | रविवार, दुपारी ५.१०

शब्दफूल ताई, तुमचं बरोबर आहे. माझी बहीण हेच म्हणते आणि तिच्याशी मी वाद घालत नाही. मला त्यात माझी गल्ली दिसते, तिला तीच गल्ली रात्री चालताना कशी वाटते ते दिसतं. तुम्हाला वेगळा रॅप हवा असेल तर मुंबईच्या 'स्वदेशी' या गटाचं काम ऐका. वारली आदिवासींच्या जंगलावर प्रकाश भोईर यांच्यासोबत त्यांनी २०१९ मध्ये केलेलं गाणं आहे. धाग्याच्या नियमात बसत नाही, पण ऐकाच.

शब्दफूल | रविवार, रात्री ८.५०

ऐकलं. आभार. भोईरांचा आवाज आला आणि काटा आला अंगावर.

आता मूळ धाग्यात एक प्रश्न टाकते, वनाझकर, चालेल ना? इतके प्रतिसाद झाले, त्यात मराठी अल्बम एकही नाही. कोणाची चूक म्हणून म्हणत नाही, मलाही सुचेना. मराठी गाणी भरपूर येतात, पण ती एकेकटी येतात. २०२४ मध्ये 'तांबडी चामडी' आलं. मराठी शब्द, हाउस संगीत, आणि ते निघालं थेट डच कंपनीकडून. माझ्या भाच्यांनी गणपतीत त्यावर नाच बसवला. मला आनंदच झाला. पण ते एक गाणं. आमच्या कॉलेजच्या दिवसांत 'गारवा'ची कॅसेट होती. पाऊस लागला की ती लागायची आणि पूर्ण संपेपर्यंत चालायची. एका विषयाभोवती आठ-दहा गाणी बांधायची आणि ती एकत्र लोकांपुढे ठेवायची, हे मराठीत आता कोण करतं?

सिनेमाचं म्हणाल तर २०२२ चा 'मी वसंतराव' मी अल्बम म्हणून ऐकला आहे. राहुल देशपांड्यांनी आजोबांचा आवाज उचललेला नाही, त्यांची धाडसं उचलली आहेत. चित्रपट न बघताही ती गाणी एकमेकांना धरून उभी राहतात. त्यातल्या गायनासाठी त्यांना राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. पण सिनेमा बाजूला ठेवला तर?

कॅसेट_जपणारी | सोमवार, सकाळी ६.५०

शब्दफूल, एका विषयाभोवती गाणी बांधणं आपल्याकडे नवं नाही. कुमार गंधर्वांनी ते आधीच करून ठेवलंय. 'गीतवर्षा', 'गीतहेमंत', 'गीतवसंत', 'त्रिवेणी', 'मला उमजलेले बालगंधर्व'. हे काय आहे? एकेक संपूर्ण कल्पना. 'गीतवर्षा'त तर उन्हाच्या तलखीपासून पाऊस ओसरेपर्यंतचा सगळा काळ आहे, माळव्यातल्या लोकगीतांसकट. कार्यक्रमाआधी त्यावर केवढा विचार केलेला असे! बंदिशींचा क्रम हाच त्याचा अर्थ होता. एक बंदीश उचलून दुसरीकडे ठेवली तर पावसाळा बिघडेल.

२०२४ ला कुमारांची जन्मशताब्दी झाली. त्या निमित्तानं मी हे सगळं पुन्हा ऐकलं. धाग्याच्या नियमात बसत नाही, पण 'नवा' म्हणजे माझ्या कानाला आज नवा, असं धरलं तर बसतं.

अनवट | सोमवार, सकाळी ९.१५

ताई, 'गीतवर्षा'ला शंभर टक्के अनुमोदन.

शब्दफूल यांच्या प्रश्नाला जोडून एक. स्पेनची रोझालिया, 'लक्स', २०२५. पॉप म्हणून तिला ओळखतात, पण इथे लंडन सिम्फनी ऑर्केस्ट्रा सोबत आहे आणि ती डझनाहून अधिक भाषांत गाते. गाणी सुचली आहेत ती निरनिराळ्या काळांतल्या, निरनिराळ्या देशांतल्या संत स्त्रियांच्या चरित्रांवरून. मी ऐकत होतो आणि सारखं मनात येत होतं, मुक्ताबाई, जनाबाई, सोयराबाई, कान्होपात्रा, बहिणाबाई! एवढी श्रीमंती आपल्या घरात. ताटीचे अभंग घ्या. धाकटी बहीण दाराबाहेर उभी राहून रुसलेल्या मोठ्या भावाला समजावते. आणि सोयराबाई सरळ देवालाच विचारते की विटाळ देहातच जन्मला असेल तर मग सोवळा कोण? यावर आजच्या ध्वनीत, आजच्या तरुण आवाजांनी एक सलग अल्बम करावा. कोणी करत असेल तर मी आगाऊ पैसे भरायला तयार आहे, अगदी मनापासून.

शब्दफूल | सोमवार, सकाळी ९.४०

अनवट, हे वाचून डोळ्यात पाणी आलं. 'अभंग रिपोस्ट'सारखे बँड गिटार-ड्रम घेऊन अभंग गातात आणि पोरं उभी राहून ऐकतात, म्हणजे ऐकणारा वर्ग तर आहे. सोयराबाईंचा एक अल्बम व्हायलाच हवा.

तिरकिट | सोमवार, रात्री १०.३०

पुण्याशी नातं असलेला एक राहिला. अनुष्का शंकर यांच्या तीन छोट्या अल्बमांच्या मालिकेतला तिसरा, 'वुई रिटर्न टू लाइट', २०२५. सरोदवर आलम खान, म्हणजे उस्ताद अली अकबर खाँसाहेबांचे चिरंजीव. दोघांचेही वडील अल्लाउद्दीन खाँसाहेबांकडे शिकले, त्या दोघांच्या जुगलबंद्या आपण ऐकत मोठे झालो. आता त्यांची मुलं समोरासमोर बसली आहेत आणि त्यांच्यामागे तालाला आहे सारथी कोरवार.

हा सारथी सतराव्या वर्षी पर्यावरणशास्त्र शिकायला पुण्यात आला आणि इथे राजीव देवस्थळींकडे तबला शिकला. पुढे लंडनला गेला. तबल्याचे बोल त्यानं ड्रमसेटवर कसे नेले हे ऐकायचं असेल तर त्याचा स्वतःचा 'कलक' (२०२२) घ्या. ताल म्हणजे आवर्तन, फिरून जिथून निघालो तिथे येणं. ती कल्पना धरून अख्खा अल्बम बांधला आहे. मी सुरुवातीला सम शोधत राहिलो आणि थकलो. दुसऱ्या वेळी शोधायचं सोडून दिलं, तर सम आपोआप सापडायला लागली.

डबल_बेस | सोमवार, रात्री ११.०५

एक उपयोगाचं सांगतो. ॲपच्या सेटिंगमध्ये जाऊन दोन गाण्यांची टोकं एकमेकांवर चढवणारी सोय बंद करा, आणि अल्बम संपल्यावर आपोआप दुसरंच काहीतरी सुरू होतं तेही बंद करा. 'द ओव्हरव्ह्यू' संपल्यानंतर मला शांतता हवी होती. तिथे भलतंच गाणं सुरू झालं आणि सगळी सकाळ विस्कटली. 'एंडलेसनेस'सारख्या अल्बमला तर हे करायलाच हवं.

वनाझकर | अकरा दिवसांनी, शुक्रवार, रात्री ९.२०

सगळ्यांचे आभार. 'कलक', 'वुई रिटर्न टू लाइट', 'द ओव्हरव्ह्यू', 'तडीपार', 'लक्स' जाता-येता झाले. 'कलक' दोनदा. तिरकिट, मलाही दुसऱ्याच वेळी कळला. 'तडीपार' ऐकताना बीट_पेटी आणि शब्दफूल, तुमचं दोघांचंही म्हणणं कानात होतं. गाडी पुणे रेल्वे स्टेशनवरून पुढे गेली तेव्हा खाली ज्या वस्त्या दिसतात त्यांच्याकडे रोज बघून न बघितल्यासारखं करत होतो, हे लक्षात आलं.

'लव्ह इन एक्झाइल' मात्र काल ऐकला. ताईंनी बजावलं होतं तसंच झालं. रामवाडी आलं तेव्हा बराच बाकी होता. ऑफिसात कळवलं की अर्धा तास उशीर होईल आणि स्टेशनवरच्या बाकावर बसून राहिलो. एक गाडी वनाझकडे गेली, दुसरी गेली. आफताबचा आवाज थांबल्यानंतरही पियानो आणि बेस चालूच होते, कोणीतरी निघून गेल्यावर खोलीत त्याची ऊब राहते तसे.

ताई, एक विचारायचं होतं. तुमच्याकडे 'गीतवर्षा' कॅसेटवर आहे का? आणि असली तर बाजू कुठे बदलते, पाऊस पडायच्या आधी की नंतर?

कॅसेट_जपणारी | शनिवार, सकाळी ६.४०

आहे. माळ्यावरच्या खोक्यातून आज काढते. प्लेअरचा पट्टा सैल झाला आहे, तो आधी बदलून घ्यावा लागेल. लावली की सांगते.